आपल्या वस्तीतल्या पोरांना तंत्रज्ञान कोण शिकवणार?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये काम करताना अलीकडे एक प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. "दादा, पोरगा दिवसभर मोबाईल खोलून बसतो. खेळत नाय, स्क्रूड्रायव्हर घेऊन खोलतो. ह्याचं पुढं काय करायचं?" विचारणारी आई बहुधा नुकतीच मजुरीवरून आलेली असते. पूर्वी आमच्याकडे येणारे प्रश्न जातीच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे असत. ते आजही आहेतच. पण हा प्रश्न नवा आहे आणि तो महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाला गावात दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, "हा नाद सोड, भरतीचा अभ्यास कर." दुसरे उत्तर, "कुठल्या तरी क्लासला टाका, सर्टिफिकेट घ्या." पहिल्या उत्तराने मुलाची आवड मरते आणि दुसऱ्याने बापाचा पैसा जातो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला तीन गोष्टी लागतात: शिकण्याचे साधन, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि दार उघडून देणारे ओळखीचे माणूस. सवर्ण मध्यमवर्गीय घरात या तिन्ही गोष्टी जन्मासोबत मिळतात. मामा कंपनीत असतो, काकाचे ऑफिस असते, शेजारचे काका प्राध्यापक असतात. समाजशास्त्राच्या भाषेत याला सामाजिक भांडवल म्हणतात. आमच्या मते आपल्या मुलांना कमी पडते ते नेमके हेच, आणि ते उभे करणे हे एकेका आई-बापाचे नव्हे, चळवळीचे काम आहे. या लेखात आम्ही हाच मुद्दा मांडणार आहोत.

सापगावच्या बाजूची गोष्ट घ्या. शहापूरहून मुरबाडकडे निघाले की भातसा नदीचा पूल लागतो, तिथले हे गाव. या पट्ट्यातला एक मुलगा आम्ही नववीपासून पाहतो आहोत. बंद पडलेला चार्जर, जळका स्पीकर, पाण्यात पडलेला फोन, काहीही द्या, तो तासाभरात सांगणार की दोष कुठे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत माईक बंद पडला की सगळे त्यालाच हाक मारतात. दहावीला त्याला बेताचे गुण पडले. घरात मोठी बहीण लग्नाची, आई आजारी. जूनमध्ये तो भिवंडीकडच्या एका गोदामात कंत्राटदाराच्या गाडीने जाऊ लागला. त्याच्या हातात आता दिवसभर स्कॅनर असतो. खोका घ्यायचा, बारकोडवर स्कॅनर धरायचा, खोका पुढे ढकलायचा. म्हणायला तंत्रज्ञान त्याच्या हातातच आहे. पण त्या यंत्रात काय चालते, आकडे कुठे जातात, हे त्याला कोणी सांगत नाही. उलट ते यंत्रच त्याचा वेग मोजते आणि मुकादमाला कळवते.

याला काही विद्वान "डिजिटल क्रांती तळागाळापर्यंत पोहोचली" असे म्हणतात. आम्ही म्हणतो, कामाची जातवार उतरंड तीच राहिली, फक्त अवजार बदलले.

हे आजचे नाही. मुंबईच्या कापड गिरण्या त्या काळातले सगळ्यात नवे तंत्रज्ञान होते. आपले आजे-पणजे कोकणातून, देशावरून तिथे गेले. पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरू दिले जात नसे. कारण काय सांगत? धागा तुटला की तो जोडताना तोंडाशी न्यावा लागतो, थुंकी लावावी लागते आणि त्यामुळे इतर कामगार बाटतात. यंत्र विलायतेहून आलेले, पण त्या यंत्रापुढे कोणी उभे राहायचे हे ठरवत होती जात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना त्याचे उत्तर द्यायला लावले. जात ही केवळ कामाची विभागणी नसून कामगारांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिले. विणकाम खात्याचे बंद दार ज्याने पाहिले होते, त्याला ते पुस्तकात शोधावे लागले नव्हते.

म्हणूनच बाबासाहेबांनी यंत्राला कधी शिव्या दिल्या नाहीत. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट विरोध केला. यंत्रामुळे माणसाची जनावरासारखी राबणूक संपते, त्याला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती घडते, अशी त्यांची मांडणी होती. दोष यंत्राचा नाही, ते कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या हितासाठी चालते त्या समाजरचनेचा आहे, हे त्यांचे म्हणणे आजच्या मोबाईलला आणि अ‍ॅपलाही तसेच्या तसे लागू पडते.

त्यांनी नुसता विचार मांडला नाही, मागणीही केली. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेल्यावर काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. त्यासोबत आणखी एक मागणी होती, जी आपण फारशी वाचत नाही. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, ही ती मागणी. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा माणूस नुसत्या पदवीवर थांबला नाही. प्रत्यक्ष कारखान्यात, यंत्रापुढे उभे राहून मिळणारा अनुभव आपल्या पोरांना मिळाला पाहिजे, हे त्याला कळत होते. "शिका" म्हणताना आपण फक्त पुस्तक डोळ्यांसमोर आणतो. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर कारखानाही होता.

आता शिकायचे कसे, हा प्रश्न. महाराष्ट्रात याचे एक चांगले उदाहरण आहे, ते म्हणजे पुणे जिल्ह्यातले पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा मुद्दा साधा होता: खेड्यातल्या मुलाला हाताने काम करत शिकवले तर तो लवकर शिकतो आणि शिकलेले विसरत नाही. तिथल्या अभ्यासक्रमात वेल्डिंग-सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे विभाग आहेत. शाळा सोडलेली मुलेही तिथे राहून शिकू शकतात. मुले जे करतात ते गावाच्या उपयोगाचे असते आणि गाव त्याचे पैसे देते. म्हणजे मुलाला सरावासाठी खोटे काम करावे लागत नाही. शाळांमध्येही आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस असे काम करण्याची पद्धत त्यांनी बसवली. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली. संगणकावर आखणी करायची आणि यंत्राने ती कापून घ्यायची, अशी ही प्रयोगशाळा. जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे, पाबळसारख्या गावात.

पाबळवरून आम्ही एकच गोष्ट उचलतो. शिकण्यासाठी आधी महाग साधने लागत नाहीत, आधी गावातला खरा प्रश्न लागतो. आणि प्रश्नांची आपल्याकडे कमतरता नाही. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर. दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावर आम्ही आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना सांगितले, टँकर कधी येतो ते लिहून ठेवा. पहिले काही दिवस वहीत लिहिले. मग एकाच फोनवर, स्प्रेडशीटमध्ये. तारीख, वेळ, किती घरांना पाणी मिळाले, किती हंडे. नववीतल्या एका मुलीने त्यातून बेरीज कशी काढायची, रकाने क्रमाने कसे लावायचे, आलेख कसा काढायचा हे स्वतः शोधून काढले. मे महिन्याच्या ग्रामसभेत तिने तो कागद वाचून दाखवला: कागदोपत्री रोज येणारा टँकर प्रत्यक्षात किती दिवस आला. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. पाण्याचा प्रश्न त्याने सुटला असे आम्ही म्हणणार नाही. टँकर मात्र पुढचे काही आठवडे वेळेवर आला. आणि त्या मुलीला कळले की आकडे नीट मांडता आले की सरपंचालाही उत्तर द्यावे लागते. तिला "डेटा" हा शब्द आम्ही त्यानंतर सांगितला.

दुसरे काम नकाशाचे. ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आहे, त्यात कोणीही भर घालू शकतो. आपली वस्ती, विहार, अंगणवाडी, विहीर, स्मशानाची वाट त्यात आहे का, हे मुलांना तपासायला सांगा. नसेल तर त्यांनीच टाकावी. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. कागदावर झालेला निर्णय नकाशावर, फलकावर, लोकांच्या तोंडी उतरला का, हे शोधायला चौदा वर्षांचा मुलगा पुरेसा आहे. यातून त्याला नकाशा, अक्षांश-रेखांश, नोंदीची शिस्त शिकायला मिळते आणि आपल्या वस्तीचे नाव आपणच लिहिण्याचा अधिकारही कळतो.

आता मुलांशी थेट बोलतो.

पोरांनो, पोरींनो, पहिली गोष्ट, वही ठेवा. काय बिघडले होते, तुम्ही काय करून पाहिले, काय चालले, काय नाही, हे तारखेसह लिहा. तीन वर्षांनी मुलाखतीला गेलात तर ही वही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल. दुसरी गोष्ट, मोबाईलवर शिकायला सुरुवात करा, पण मोबाईलवर थांबू नका. टाइप करायला, फाइल सांभाळायला, प्रोग्राम लिहायला संगणक लागतो. तो जुना असला तरी चालतो. लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते. तिसरी गोष्ट, भाषेची भीती बाळगू नका. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन अशा मोफत सॉफ्टवेअरचे छोटे-छोटे धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतून ऐकता येतात. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. धडा पाहताना सोबत हात चालवायचा, नुसते पाहायचे नाही. इंग्रजी शिकावेच लागेल, पण रोज पाच शब्द या वेगाने शिकले तरी दोन वर्षांत चुकीचा संदेश वाचून दोष शोधण्याइतके इंग्रजी येते.

चौथी गोष्ट, एकट्याने शिकू नका. जे आज शिकलात ते उद्या धाकट्याला शिकवा. शिकवताना आपल्याला काय कळलेले नाही ते कळते. पाचवी गोष्ट, जिवाला जपा. चालू लाइनवर प्रयोग नको, टीव्हीचे आणि इन्व्हर्टरचे काम जाणकार माणूस जवळ असल्याशिवाय नको, फुगलेल्या बॅटरीला टोचायचे नाही.

दहावीनंतरचा रस्ता पाहू. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, संगणकाचा 'कोपा' एक वर्षाचा. आयटीआयला कमी लेखण्याची एक सवय आपल्या शिकलेल्या वर्गाला लागली आहे, ती सोडली पाहिजे. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन देणे बंधनकारक आहे, लेखी करार करावा लागतो, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव ठेवण्याची तरतूदही आहे. किमान वय १४, धोकादायक उद्योगांत १८. मध्य रेल्वेच्या परळ आणि माटुंगा कारखान्यांत, कल्याणच्या डिझेल शेडमध्ये आयटीआय झालेल्यांची अशी भरती निघते. १५ ते २४ ही वयोमर्यादा आहे, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वे कारखान्याचे जे दार मागितले, ते आज आसनगावच्या लोकलने जाता येईल इतके जवळ आहे. तरी आम्ही ज्या वस्त्यांमध्ये जातो, तिथल्या बहुतेक घरांना ही जाहिरात कधी येते हेच माहीत नसते. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. माहिती पोहोचवणारे माणूस मध्ये नाही, एवढेच.

त्याच वेळी एक सावधगिरीही. "कौशल्य" या शब्दाच्या नावाखाली आपल्या पोरांना स्वस्त मजूर बनवण्याचा धंदा जोरात आहे. एका क्लासने आमच्या ओळखीच्या चार घरांकडून हप्त्याने फी घेतली, तीन महिने टायपिंग करून घेतले आणि नोकरीची "हमी" लिहिलेला रंगीत कागद हातात दिला. त्या कागदावर कोणी उभेही केले नाही. म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. सर्टिफिकेट कोण देते? शिकवणारा कोण? संगणकावर हात किती तास? मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत? उत्तर टाळले तर उठून या. शिकाऊ म्हणून कोणी नेत असेल तर करार कागदावर मागा. करार नसेल तर त्याला मजुरी म्हणतात, आणि मजुरीला किमान वेतन असते.

आता कार्यकर्त्यांशी. मुलींचा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त टोचतो. घरात एक फोन असतो आणि तो भावाचा असतो. मुलगी मागते तेव्हा "तुला कशाला" म्हणतात, आणि असे म्हणणाऱ्या घराच्या भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो असतो. टँकरचा आलेख काढणाऱ्या त्या मुलीला स्वतःचा फोन आजही नाही. तिच्या काकाचा फोन संध्याकाळी एक तास मिळतो, तोही काकाची मर्जी असेल तर. भावाला आवड असली तर घर त्याला हुशार म्हणते, बहिणीला तीच आवड असली तर तिच्यावर लक्ष ठेवते. आपण घराघरांत जाऊन हे बोलणार नसू तर स्त्रीमुक्तीवरची आपली भाषणे काय कामाची?

उपाय फार मोठा नाही. बहुतेक वस्त्यांत विहार आहे आणि तो वंदनेव्यतिरिक्त आठवडाभर बंद असतो. तिथे एक टेबल, दोन जुने संगणक, एक सोल्डरिंग गन, एक मल्टीमीटर. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या बिलात एवढे सहज बसते. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, मुलींसाठी ठरलेले दिवस राखीव, एक मोठी बाई किंवा ताई हजर. शिकवायला कोण? आपल्याच तालुक्यातून इंजिनिअर होऊन ठाण्या-पुण्यात स्थिरावलेले आपले बंधू आणि भगिनी. त्यांना आम्ही देणगी मागणार नाही. महिन्यातून एक रविवार मागू, आणि वर्षातून एकदा दोन मुलांना त्यांचे कामाचे ठिकाण दाखवायला मागू. समाजाचे ऋण हप्त्याहप्त्याने असेच फिटते.

दोन आक्षेपांना उत्तर देऊन थांबतो. काही जण म्हणतात, खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, तिथे कशाला पाठवता? आरक्षण नाही हे खरेच, आणि त्यासाठीचा लढा चालूच राहील. पण सरकारी जागा कमी होत असताना एका दारापुढे लाखो मुलांना दहा-दहा वर्षे उभे करणे हाही अन्याय आहे. भरतीची तयारी करणाऱ्याच्या हातात एक कसब असले तर त्याची तयारी मोडत नाही, उपासमार टळते.

दुसरे काही जण याच्या उलट म्हणतात, कौशल्य आले की जात आपोआप जाते. त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याला जातीवरून त्रास दिल्याचा खटला दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले, २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचा खटला मागेही घेतला गेला. पण सिलिकॉन व्हॅलीत जात पोहोचली आहे का, हा प्रश्न त्यातून जगासमोर आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीय भेदभावाला बंदी घालणारा नियम केला. तो नियम कोणाच्या कोडिंगमुळे झाला नाही, संघटित होऊन बोलणाऱ्या लोकांमुळे झाला. म्हणून कसब आणि संघटन यांत निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या मुलाला दोन्ही द्यावी लागतील.

गोदामात जाणारा तो मुलगा अजून सतरा वर्षांचाच आहे. या वर्षी त्याचा आयटीआयचा अर्ज भरायचा आहे, इलेक्ट्रिशियनला. अडचण त्याच्या बुद्धीची नाही, घरात येणाऱ्या महिन्याच्या पैशाची आहे. शिष्यवृत्तीचे कागद आम्ही जमवतो आहोत आणि उरलेल्या रकमेसाठी वस्तीतल्या अकरा घरांनी महिन्याला ठराविक वर्गणी कबूल केली आहे. तुमच्या वस्तीतही असा एक मुलगा किंवा एक मुलगी नक्की आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर नाव काढा, वय लिहा, काय येते ते लिहा, काय लागते ते लिहा, आणि कोण काय करणार ते तिथेच ठरवा.

जय भीम!